दाढेतली कीड शोधायला फोटो कुठला? ओपीजी, साधा की बाइटविंग?

शाहूपुरीची_सई | ११ जानेवारी, रात्री १०:०५

मंडळी, डोकं चालेना म्हणून इथं टाकतेय.

मुलगा साडेसात वर्षांचा. डिसेंबरात मामाच्या गावी गुऱ्हाळावर गेला, तिथं गरम गूळ खाल्ला, आणि तेव्हापासून उजवीकडच्या खालच्या दाढेला गोड लागलं की कळ येते. एरवी ठणठणीत. मोबाइलची बॅटरी मारून बघितलं, खड्डा काही दिसत नाही.

घराजवळच्या डॉक्टरांनी ओपीजी काढून आणायला सांगितला. तोंडाभोवती मशीन फिरतं तो. बघून म्हणाले, कीड नाही, नवे दात येताहेत, सोडून द्या. आठ दिवसांनी परत कळ. मग नणंदेच्या ओळखीनं राजारामपुरीत दुसऱ्या डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी ओपीजीवर नुसती नजर टाकली आणि पोराला कसलीशी पट्टी दातांत चावून धरायला लावून दोन्ही बाजूंचे दोन छोटे फोटो काढले. त्यात तीन ठिकाणी कीड! एक दाढ भरायची, बाकी दोन ठिकाणी नुसतं फ्लोराइडचं वार्निश लावायचं आणि सहा महिन्यांनी परत फोटो.

आता घरात तीन पक्ष झालेत. आमचे हे म्हणतात, पहिला डॉक्टर प्रामाणिक, दुसऱ्यानं कीड शोधली नाही, तयार केली. सासूबाई म्हणतात, दुधाचीच दाढ आहे, पडणारच, कशाला पैसे घालता. पुण्याचा मामेभाऊ म्हणतो, सीबीसीटी काढून टाका, थ्रीडीत एकदाच सगळा निकाल.

एकाच तोंडाचे दोन फोटो, एकात कीड नाही आणि दुसऱ्यात तीन, असं होतंच कसं? आणि पोराला किती वेळा किरणं द्यायची?

---

दूधकट्टा | ११ जानेवारी, रात्री १०:२२

गरम गूळ खाल्ला आणि कळ आली? ताई, तो गूळ आला का आमच्यासाठी, ते आधी सांगा.

---

पेठेतला_पैलवान | ११ जानेवारी, रात्री १०:४०

फोटोबिटो काय नको. लवंग दाबायची दाढंत आणि गप झोपायचं. आमच्या आज्ज्यानं आयुष्यात डाक्टर बघितला न्हाई.

---

आंबोळी | ११ जानेवारी, रात्री १०:५१

@पैलवान, आणि आज्ज्याला दात किती होते शेवटी?

---

पेठेतला_पैलवान | ११ जानेवारी, रात्री १०:५३

दोन. पण दोन्ही पक्के.

---

अक्कलदाढ | १२ जानेवारी, सकाळी ७:१५

मी दातांचा डॉक्टर आहे, जिल्ह्यातल्याच एका तालुक्याच्या गावी दवाखाना आहे. मुलाला न तपासता निदान करणार नाही. पण दोन फोटोंत फरक का पडला, ते सांगता येईल.

आपल्या पेठेतली जुनी घरं डोळ्यांसमोर आणा. एकाला एक खेटलेली, मध्ये हातभर बोळ. त्या बोळात कचरा साठलाय का, हे रस्त्यावरून तिरकं बघितलं तर दिसत नाही, भिंतीवर भिंत चढते. बोळाच्या बरोबर तोंडाशी उभं राहिलात तर आरपार दिसतं. दोन दाढांच्या मधली कीड त्या बोळात असते. दोन्ही दाढा एकमेकींना टेकतात, त्या जागेच्या किंचित खाली ती सुरू होते. ना आरसा पोचतो, ना बॅटरी.

बाइटविंगमध्ये किरण त्या बोळातून सरळ जातो. फिल्म किंवा सेन्सर दाढांना समांतर राहावा म्हणून त्याला एक पंख असतो, तो पेशंटनं चावून धरायचा. म्हणून हे नाव. एकाच फोटोत वरच्या आणि खालच्या दाढांचे माथे येतात, शिवाय मधल्या हाडाची उंचीही कळते.

ओपीजीचं काम वेगळं. मशीन डोक्याभोवती फिरतं आणि जबड्याच्या आकाराचा एक पट्टा तेवढा स्पष्ट टिपतं. त्या पट्ट्याच्या आतबाहेर जे असेल ते पुसट. मानेच्या मणक्याची सावली पुढच्या दातांवर येते. आणि किरण नेमक्या कोनात येत नसल्यानं उपदाढा-दाढांच्या कडा एकमेकींवर चढतात, म्हणजे बोळ बंद. बारकावाही कमी: ओपीजीत एका मिलिमीटरमध्ये रेषांच्या साधारण ५ जोड्या सुट्या दिसतात, तोंडात ठेवायच्या फिल्मवर २० च्या आसपास. अक्कलदाढ आडवी आहे का, जबड्यात गाठ आहे का, हाड मोडलंय का, पोराचे पक्के दात सगळे आहेत का, यासाठी ओपीजी उत्तम. दोन दाढांमधल्या बारीक किडीसाठी तो काढणं म्हणजे बोळ बघायला पेठेभोवती प्रदक्षिणा घालणं.

तेव्हा पहिले डॉक्टर खोटं बोलले असं मी म्हणणार नाही. त्यांना फोटोत दिसलं नाही, एवढंच. चूक झाली ती "दिसत नाही" याचा अर्थ "नाही" असा लावण्यात.

---

खवचट_काका | १२ जानेवारी, सकाळी ९:३०

डॉक्टर डॉक्टरची बाजू घेणारच. मशीनचा हप्ता कोण भरणार? मला तर एकदा "आरव्हीजी काढू" म्हणाले, एकदा "आयओपीए काढू" म्हणाले. दोन्हीत तोंडात तेच कोंबलं. नाव बदललं की दर बदलतो, बाकी काही नाही.

---

अक्कलदाढ | १२ जानेवारी, दुपारी १:४८

काका, तुमची शंका निम्मी बरोबर आहे आणि हा घोळ आम्हीच घातलाय. आरव्हीजी हा फोटोचा प्रकार नाही, कॅमेऱ्याचा आहे. फिल्मच्या जागी डिजिटल सेन्सर ठेवला की त्याला आपल्याकडं सगळे आरव्हीजी म्हणतात. त्या सेन्सरवर आयओपीएही काढता येतो आणि बाइटविंगही. आयओपीए म्हणजे एकदोन दातांचा मुळाच्या टोकापर्यंतचा फोटो. मुळाशी पू झालाय का, रूट कॅनल कुठवर भरलंय, यासाठी तो हवाच. पण त्यात किरण बऱ्याचदा वरून किंवा खालून तिरका मारतात, त्यामुळं दोन दाढांमधली बारीक कीड झाकली जाऊ शकते.

आणि एक कबुली. धंदा सुरू केल्यावर पहिली पाच-सहा वर्षं मी स्वतः बाइटविंग जवळपास काढलेच नाहीत. कॉलेजात शिकलो होतो, पण दवाखान्यात होल्डर नव्हता, सवय नव्हती, आणि पेशंट दुखायला लागल्यावरच यायचा. तोवर कीड दाताच्या आतल्या नसेला जाऊन भिडलेली असायची, मग आयओपीएच लागायचा. आपल्याकडं बाइटविंग कमी दिसतो त्याचं खरं कारण हे आहे. लोक दुखण्याआधी येत नाहीत आणि आम्ही दुखण्याआधी बघत नाही.

---

गडहिंग्लजची_मिरची | १२ जानेवारी, दुपारी ३:१०

अक्कलदाढ साहेब, लाखाची गोष्ट बोललात. पण ते सेन्सर पोराच्या तोंडात बसतं का, ते बी सांगा. मी पोरीला घेऊन गेलो (बाई आहे मी, पण गडहिंग्लजची, 'गेलो'च म्हणणार), तर तिला नुसतं ते आत घातल्याबरोबर ओकारी. तीनदा केलं. तिसऱ्यांदा डॉक्टरच्या बुटावर. मग डॉक्टरच म्हणाले, मोठा फिरता फोटो काढून आणा. मग काय करायचं माणसानं?

---

क्ष_म्हणजे_काय | १२ जानेवारी, संध्याकाळी ६:०२

मी डॉक्टर नाही, एक्स-रे काढायचं काम करतो, वीस वर्षं.

@मिरची, सेन्सर जाड आणि कडक असतो, पोरांना टोचतो. त्याला पर्याय म्हणजे फॉस्फर प्लेट, ती फिल्मसारखी पातळ असते, नंतर मशीनमध्ये घालून वाचतात. किंवा जुनी फिल्म, लहान मापाची. काही ओपीजी मशीनवर बाहेरून बाइटविंगसारखा फोटो काढायची सोय असते. ती ओपीजीपेक्षा बरी, तोंडातल्या बाइटविंगची बरोबरी नाही. आणि एक युक्ती: पोराला नाकानं श्वास घ्यायला सांगायचं आणि एक पाय उचलून धरायला लावायचा. लक्ष पायाकडं जातं.

आता किरणांचं. सईताई, हिशोब मायक्रोसिव्हर्टमध्ये करतात. जगात सरासरी माणसाला निसर्गातूनच, म्हणजे माती, हवा, आकाश, अन्न यांतून, वर्षाला सुमारे २४०० मिळतात, म्हणजे दिवसाला साधारण साडेसहा. तोंडातला एक डिजिटल फोटो एक ते आठच्या घरात. ओपीजी साधारण ९ ते २४. सीबीसीटी मात्र मशीन आणि जागा बघून काही दहा ते हजारापर्यंतही. म्हणजे दोन बाइटविंग म्हणजे दिवस-दोन दिवसांचं निसर्गाचं देणं. आपल्या काळ्या पाषाणात तसं किरणोत्सारी द्रव्य कमीच. केरळच्या किनाऱ्यावर मोनाझाइटची वाळू आहे, तिथले लोक आपल्या कितीतरी पट घेतात.

म्हणून उगाच काढायचा असं नाही. पोरांच्या बाबतीत तर नाहीच. कारण असेल तर भ्यायचं नाही, कारण नसेल तर एकही नको.

---

आंबोळी | १२ जानेवारी, संध्याकाळी ६:४०

पाय उचलून फोटो! तालमीत शिकवतात तसं.

---

कागलकर_परदेशी | १२ जानेवारी, रात्री ११:५५

मी सध्या जर्मनीत. इथं माझ्या डॉक्टरनं दाढेवर एक छोटा कॅमेरा बसवून नुसत्या प्रकाशात फोटो काढला. लाल रंगाच्याही पलीकडचा, डोळ्याला न दिसणारा प्रकाश, ७८० नॅनोमीटरचा. दाताचं वरचं कवच त्याला काचेसारखं, आणि कीड असेल तिथं सावली. किरणं शून्य. कवचातली सुरुवातीची कीड त्यात चांगली दिसते म्हणाले. पण आत नसेच्या किती जवळ गेलीय ते कळत नाही, त्याला एक्स-रेच. कोल्हापुरात हे कुठं आहे का?

अवांतर: दातांचा पहिला एक्स-रेही इथलाच. रॉन्टगेननी १८९५ च्या नोव्हेंबरात किरण शोधले आणि १८९६ च्या जानेवारीत ब्राउनश्वाइगच्या ऑटो वाल्कहॉफनी स्वतःच्याच दाढांचा फोटो काढला. २५ मिनिटं तोंडात काच धरून. आणि आपली पोरं अर्धा सेकंद थांबत नाहीत.

---

अक्कलदाढ | १३ जानेवारी, सकाळी ७:०५

@कागलकर, तसा कॅमेरा महाग असतो, पण गरीबाची आवृत्ती आमच्याकडं रोज चालते. सिमेंट कडक करायची निळी लाइट असते ना, ती पुढच्या दाताच्या मागून धरायची. मधली कीड काळसर सावलीसारखी उमटते. पुढच्या दातांना झकास, मागच्या दाढांना तेवढं जमत नाही.

चावायच्या पृष्ठभागावरच्या खाचांतली कीड मात्र सुरुवातीला कुठल्याच एक्स-रेत नीट दिसत नाही, कारण दोन्ही बाजूंचं जाड कवच ती झाकून टाकतं. तिथं दात स्वच्छ पुसून, हवेनं वाळवून, उजेडात डोळ्यांनी बघणं हेच पहिलं हत्यार.

---

शिवारकर | १३ जानेवारी, सकाळी ८:३०

फोटोच्या आधीची गोष्ट सांगतो. शिरोळ तालुक्यात, माझ्या लहानपणी, वर्षातून एकदा एक म्हातारी यायची दातातली कीड काढायला. निखाऱ्यावर रिंगणीचं बी टाकायची, वर नळी, नळीचं तोंड दाढेशी, अंगावर घोंगडं. धुरानं डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. मग वाटीतल्या पाण्यात बारीक पांढरे किडे दाखवायची. "बघ, सात निघाले." आई पायलीभर जोंधळा द्यायची.

पुढं बारावी सायन्स झाल्यावर मी घरी परसात निखाऱ्यावर तेच बी टाकून बघितलं, कुणाच्याही तोंडाजवळ न नेता. पाण्यात तेच किडे. बी तडकून आतला कोंब बाहेर पडत होता. आईला दाखवलं तर म्हणाली, "मग माझी दाढ राहिली कशी?" धुरानं बधिर होत असणार. म्हातारीची फी मात्र आजच्या ओपीजीपेक्षा कमी नव्हती.

---

दूधकट्टा | १३ जानेवारी, सकाळी ८:४४

म्हणजे "कीड तयार करणारे" तेव्हाही होतेच. सईताईंच्या मिस्टरांना दाखवा हा प्रतिसाद.

---

अक्कलदाढ | १३ जानेवारी, सकाळी ९:१०

वा शिवारकर! "कीड" हा शब्दच फसवा आहे. किडा नसतोच, जंतू असतात. ते आपण खाल्लेल्या साखरेचं आम्ल करतात आणि त्या आम्लानं दाताची खनिजं विरघळतात. फ्रान्सच्या पिएर फोशारनी १७२८ साली किड्याची कल्पना नाकारली होती. आपण अजून शब्द धरून आहोत. मीही दवाखान्यात कीडच म्हणतो.

---

खवचट_काका | १३ जानेवारी, दुपारी १२:२०

इतिहास झाला. आता माझ्यावर बेतलेलं ऐका. तीन वर्षांपूर्वी एका ठिकाणी (नाव सांगत नाही) असाच छोटा फोटो काढला. हिरडीजवळ काळा त्रिकोण दिसला. "कीड आहे, भरावं लागेल." दुसरीकडं दाखवलं. त्यांनी बारीक सळईनं चाचपलं, दुसऱ्या कोनातून फोटो घेतला, काळं गायब. तेव्हा बाइटविंगलाही देव मानू नका.

---

अक्कलदाढ | १३ जानेवारी, दुपारी २:००

काका, आज तुमच्याशी पूर्ण सहमत. दाताच्या मानेपाशी, वरचं कवच संपतं आणि हाड सुरू होतं त्याच्या मधल्या पट्टीत, किरणांना अडवायला कमी माल असतो. तिथं काळसर त्रिकोण नुसत्या भूमितीमुळं येतो. निरोगी दातातही. खरी मधली कीड त्याच्या वर, दाढा टेकतात त्या जागेपाशी असते.

उलट बाजूही आहे. बाइटविंगमध्ये सुरुवातीची कीड बरीच निसटते, कारण साधारण तीस-चाळीस टक्के खनिज गेल्याशिवाय फोटोत काळं उमटतच नाही. म्हणजे फोटोत दिसते त्यापेक्षा खरी कीड नेहमी थोडी पुढं गेलेली असते. सरावलेल्या नजरेनं बाइटविंग बघून "आहे" म्हटलं तर ते बहुतेक खरं निघतं. "नाही" म्हटलं तर तेवढी खात्री नसते.

आता सईताईंच्या मूळ प्रश्नाकडं. दुसऱ्या डॉक्टरांनी तीन सापडूनही एकच भरायला सांगितलं, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ज्याला धंदाच करायचा तो तिन्ही पोखरतो. काळं कवचातच थांबलं असेल आणि वरून खड्डा पडला नसेल, तर तिथं ड्रिल लावायचं कारण नाही. फ्लोराइड, दोन दाढांमध्ये दोरा फिरवणं, दिवसभर चघळणं बंद, आणि नजर ठेवणं. ती कीड थांबू शकते. आत डेंटिनमध्ये, म्हणजे कवचाखालच्या मऊ थरात गेली की गणित बदलतं. त्यात दुधाच्या दाढांचं कवच पातळ, ती आत लवकर घुसते.

आज्जींना सांगा, दुधाची मागची दाढ दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात राहायची असते. म्हणजे अजून तीन-चार वर्षं. ती लवकर काढली तर सहाव्या वर्षी आलेली पक्की दाढ पुढं सरकते आणि खालच्या दाताची जागा खाते. आणि ती सहाव्या वर्षीची दाढ दुधाची समजून सोडून देऊ नका. दर आठवड्याला अशी एक तरी आई-वडिलांची जोडी येते.

---

गडहिंग्लजची_मिरची | १३ जानेवारी, दुपारी २:३५

आमची ती दाढ मी दुधाचीच समजत होतो. आत्ता बघितलं पोरीच्या तोंडात. बाई गं.

---

पुण्याचा_पण_आपला | १३ जानेवारी, रात्री ८:१५

सीबीसीटीबद्दल कुणी बोललंच नाही. थ्रीडी म्हणजे जास्त माहिती. मग तो का नको?

---

क्ष_म्हणजे_काय | १३ जानेवारी, रात्री ९:००

तुम्हीच ते मामेभाऊ का?

सीबीसीटी किडीसाठी काढायचाच नसतो. इम्प्लांट, आडवी अक्कलदाढ नसेला चिकटलीय का, हाडात अडकलेला दात, रूट कॅनलचा अवघड केस, तिथं तो लागतो. तोंडात चांदी किंवा धातूची कॅप असेल तर तिच्या आजूबाजूला काळे-पांढरे पट्टे येतात आणि ते किडीसारखेच दिसतात. पोर जरा हललं तरी फोटो वाया. किरणं जास्त, पैसे जास्त आणि उत्तर चुकीचं.

ताई, दोन गोष्टी बघून घ्या. दाताच्या एक्स-रे मशीनलाही अणुऊर्जा नियामक मंडळाकडं नोंदणी लागते, ती आहे का विचारायला लाजू नका. आणि फोटो काढताना पोराच्या तोंडातली फिल्म डॉक्टरनं किंवा मदतनिसानं बोटानं धरायची नाही. अमेरिकेत एडमंड केल्स नावाचे दंतवैद्य सुरुवातीच्या काळात हातानंच सगळं करायचे. आधी बोटं गेली, मग हात. शेवटी १९२८ साली त्यांनी स्वतःला संपवलं. आजचा डोस त्याच्यापुढं नगण्य, पण रोज पंचवीस पेशंटला बोट धरणाऱ्या मदतनीस पोरीचा विचार करा.

---

पुण्याचा_पण_आपला | १३ जानेवारी, रात्री ९:२०

मी मामेभाऊ नाही. असतो तर इथं आलो नसतो.

---

आंबोळी | १४ जानेवारी, सकाळी १०:००

संक्रांतीच्या शुभेच्छा. आजच्या दिवशी दाताच्या किडीवर धागा वाचतेय आणि समोर तिळगुळाचं ताट. गूळवाल्यांनो, हे पाप कुणाच्या माथी? बाकी मला अक्कलदाढेसाठी ओपीजीच काढावा लागला होता आणि तो अगदी बरोबर होता, दाढ आडवी झोपलेली स्पष्ट दिसली. त्यामुळं ओपीजीला इतकंही झोडू नका.

---

अक्कलदाढ | १४ जानेवारी, सकाळी १०:३०

नाही झोडत. आणि तिळगूळ खा. एकदाच भरपूर खाऊन चूळ भरलेली चालते. दिवसभर खिशातनं एकेक काढून चघळणं दाताला महाग पडतं.

---

शाहूपुरीची_सई | २३ जानेवारी, रात्री ९:४८

सगळ्यांचे आभार. उशीर झाला सांगायला.

दुसऱ्याच डॉक्टरांकडं गेलो. मी फोटो स्क्रीनवर मोठा करून दाखवायला सांगितला आणि विचारलं, हे काळं दाढा टेकतात तिथं आहे की मानेपाशी. डॉक्टर माझ्याकडं बघतच राहिले. मग त्यांनी बोट ठेवून दाखवलं. दोन ठिकाणी काळं बाहेरच्या पांढऱ्या कडेतच थांबलंय. तिसऱ्या ठिकाणी ती कड ओलांडून आत पसरलंय, छत्रीसारखं. दाढ उघडली तेव्हा वरून पिनाएवढं भोक आणि आत चांगली मोठी पोकळी. फोटोत वाटत होतं त्यापेक्षा जास्त. नस वाचली. काल पोरानं पोळीबरोबर गूळ खाल्ला, कळ नाही.

सासूबाई आता नातवाच्या दाढांत रोज दोरा फिरवतात. पुढचा फोटो जुलैत, तेवढ्याच दोन जागांचा.

आणि आमचे हे. दवाखान्यात बसल्या बसल्या म्हणाले, माझाही एक काढा बघू, मशीन खरं बोलतंय का. चार ठिकाणी. दोन भरायच्यात. तेव्हापासून घरात हा विषय निघत नाही.

---

खवचट_काका | २३ जानेवारी, रात्री १०:०१

मिस्टरांना सांगा, दुसरं मत घ्या. (गंमत केली. भरून घ्या.)

---

पेठेतला_पैलवान | २३ जानेवारी, रात्री १०:१५

मी पण जाऊन आलो राव. कुणाला सांगू नका. लवंगंनं दाढ जळाल्यागत झालीय म्हणाला.

---

नवा_गडी_कोल्हापूर | २६ जानेवारी, सकाळी ११:३०

नमस्कार, सगळा धागा वाचला नाही, पण पोराच्या दाढेत कीड आहे का बघायचंय. ओपीजी स्वस्तात कुठं निघेल?

---

दूधकट्टा | २६ जानेवारी, सकाळी ११:३१

भावा, वर जा. अगदी वर.